५०० प्रती की ५०? आईच्या अहिराणी ओव्यांचं पुस्तक काढायचंय

पांझराकाठ (धुळे):
आईच्या जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवल्यात, ११२ पानं भरतील. २००३ साली माझं पहिलं पुस्तक काढलं तेव्हा प्रेसवाला म्हणाला, ५०० च्या खाली परवडत नाही. छापल्या. पावणेदोनशे गेल्या, बाकीचे गठ्ठे धान्याच्या कोठीशेजारी. खालचा वाळवीने फस्त केला. घरात टोमणे अजून चालू आहेत. आता म्हणे डिजिटलवर ५० पण निघतात? शिवाय जुन्या पुस्तकाची सीडी उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. फाइल गेली का?

फर्मामोड्या (जळगाव):
भाऊ, वीस वर्षं डीटीपी करतोय. निघतात. ऑफसेटला प्लेट काढा, मशीन लावा, शाई जुळेपर्यंत कागद वाया घालवा; हा खर्च ५० ला तेवढाच नि ५०० लाही तेवढाच. डिजिटलला प्लेटच नाही, पहिल्या प्रतीचा दर तोच पन्नासावीचा. खपल्या की आणखी काढा. पाचशे जाणारच असतील तरच ऑफसेट. ११२ म्हणजे सोळापानी सात फर्मे (फर्मा म्हणजे छापून दुमडायचा एक ताव) बरोब्बर बसतात.

फाइल शाबूत आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे बसवलेले असत. तो फाँट नसला की असं दिसतं. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे आता मोबाइल-कॉम्प्युटरवर सगळीकडे चालतं त्या मराठीत, येईल, पण वेलांटी आणि रफार तपासा. फाइलीत रफार जुन्या फाँटात अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. माझ्या हातून एका गौरवग्रंथात 'धर्म'चा सगळीकडे 'धमर्' झाला होता, प्रकाशनाच्या आदल्या रात्री दिसला. कीर्तनकाराचा गौरव होता, काय सांगू.

आणि अहिराणीचं प्रूफ स्वतःच वाचा. ऑपरेटर 'मन्हा'चं 'माझा' करून ठेवतो, वर मदत केली म्हणतो.

केळीचा घड (रावेर):
किंडलवर मराठी २०१६ पासून चालतं, टाका. पण ओवी वाचायची गोष्ट आहे का? आईच्या आवाजात रेकॉर्ड करा, पानावर क्यूआर छापा.

फर्मामोड्या:
छापा, पण आवाजाची फाइल घरीही ठेवा. लिंक मेली की पानावर नुसता काळा चौकोन उरतो.

पांझराकाठ:
५० चं ठरलं. रेकॉर्डिंग काल करून पाहिलं. मोबाइल समोर धरला की आई गप्प. म्हणते, जातं फिरल्याशिवाय आठवत नाही. जातं आहे, खुंटा निघालाय. सुताराला सांगितलंय.