आबांचा बी-२७५: पूर्ण रिस्टोर करावा की नुसता चालू करावा?

कृष्णाकाठ
आबांनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, १९७० साली भूविकास बँकेचं कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला. इंटरनॅशनल बी-२७५, कांदिवलीच्या कारखान्यातला, ३५ घोड्यांचा. नांगरटीपासून गुऱ्हाळाचा चरक फिरवण्यापर्यंत सगळं त्यानंच केलं. बाजूच्या पुलीला पट्टा चढवला की दिवसभर जागेवर धडधडत उभा. वडिलांनी, अण्णांनी, नवा घेतल्यावरही शेणखत ओढायला हाच होता.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमचं शेड बुडालं (वाळवा तालुका) आणि ट्रॅक्टर चार दिवस पाण्यात राहिला. पाणी उतरल्यावर वरनं धुतला आणि ठेवून दिला, कारण तेव्हा आधी घर सावरायचं होतं. आता इंजिन जाम आहे. अण्णाही गेल्या वर्षी गेले.

धाकटा भाऊ पुण्याला असतो. त्याला पूर्ण रिस्टोर हवाय: पत्रा ठोकून सरळ, नवा रंग, नवे स्टिकर, शोरूममधनं आल्यासारखा. एका गॅरेजनं एस्टिमेट दिलंय २ लाख ६० हजार. मला तो नुसता चालू व्हायला हवाय. डाव्या मडगार्डचा रंग आम्ही पोरं बसून बसून उडालाय, खालचं लोखंड हाताला गुळगुळीत लागतं. बॉनेटला उजवीकडे पोचा आहे, आबांनी संध्याकाळच्या अंधारात चिंचेला धडकवला तेव्हाचा. आणि मडगार्डवर पुराच्या गाळाची रेघ अजून तशीच आहे. हे सगळं घासून काढायला वर पैसेपण आम्हीच द्यायचे? तुम्ही काय केलं असतं?

हिशोबी
विकला असता. तुमच्या एस्टिमेटमध्ये दुसऱ्या दिवशी शेतात घालता येईल असा सेकंडहँड ट्रॅक्टर येतो, नाहीतर काही एकर ठिबक होतं. हा भंगारात वजनावर गेला तरी ४०-५० हजार हातात येतील. पुली काढून ठेवा, आबांचा फोटो लावा तिच्यावर. चेष्टा करत नाहीये.

लाल_बॉनेट
हिशोबीराव, सगळंच ठिबकमध्ये मोजायचं तर घरातली तांब्याची घंगाळंपण मोडीत घाला.

मी धाकट्या भावाच्या बाजूचा. आमच्या काकांचा असाच इंटरनॅशनल दोन वर्षं लावून पूर्ण उभा केला. मूळ लाल कुठला होता ते टूलबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सापडलं, तिथं ऊन लागलेलं नव्हतं. आता बेंदराला बैलांच्या मागं तोच असतो, आणि म्हातारी माणसं येऊन स्टेअरिंगला हात लावून जातात. तुम्ही ज्याला खुणा म्हणताय तो गंज आहे. मडगार्डचा रंग उडाला तिथं आणखी दोन पावसाळ्यांत भोक पडेल. शिवाय ५० वर्षं उलटलीत, व्हिंटेज म्हणून नोंद करून घ्या, वेगळा नंबर मिळतो.

आरटीओ_फेरी
व्हिंटेजचं तेवढं चुकलं. तो नियम २०२१ चा, आणि तो दुचाकी आणि प्रवासी मोटारींपुरता आहे. ट्रॅक्टर त्यात बसत नाही. गंमत म्हणजे त्या नियमातही गाडी मूळ रूपात असावी, चासी-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार नसावेत अशीच अट आहे.

धागाकर्ते, आधी आरसी (गाडीच्या नोंदणीचा कागद) शोधा. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं, ते कधी झालंय बघा. कर्ज फिटलं तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच राहिलेली उदाहरणं ढिगानं आहेत, आणि भूविकास बँक तर आता गुंडाळलेली. वारसांची नावंही लावावी लागतील. रंगाचं भांडण त्यानंतर.

कृष्णाकाठ
आरसी सापडली. बोजा आहे. नूतनीकरणाचा शिक्का शेवटचा कधीचा ते सांगायला लाज वाटते.

तेलकट_हात
मी मेस्त्री आहे, ३० वर्षं हेच करतोय. २०१९ ला आमच्या दारात बुडालेल्या ट्रॅक्टरची रांग लागली होती. ज्यांनी आठवड्याच्या आत सगळी तेलं काढली ते वाचले. वरनं धुऊन ठेवलेले नंतर एकेक करून आले.

दादा, ‘नुसता चालू’ असं काही तुमच्या बाबतीत उरलेलं नाही. गिअरबॉक्सचा खालचा नट ढिला करून बघा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला बसतं. आधी चांगलं तांब्याभर पाणी येईल, मागनं दुधाच्या चहासारखं तेल. त्या पाण्यात बुडालेली बेअरिंगं इतकी वर्षं गंज खात बसलीत. इंजिन सुटलं तरी पहिल्याच नांगराला मागनं आवाज सुरू होईल. तेव्हा गिअरबॉक्स आणि मागचं हाउसिंग उघडणं आलंच.

इंजिन सोडवायचं तर चारी नोझल काढा, भोकांत डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं पातळ तेल) निम्मं-निम्मं ओता, आठ-दहा दिवस हात लावू नका. मग फ्लायव्हीलला पहार लावून इकडं थोडं, तिकडं थोडं. दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून गिअरमध्ये ओढायचा शहाणपणा कुणी सुचवला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा, कनेक्टिंग रॉड वाकतात. तुमचं इंजिन जुन्या पद्धतीचं, हीटर तापवून चालू होणारं आहे. कुणीतरी ‘अख्खं डीआय (हीटर न लागणारं, नव्या पद्धतीचं इंजिन) बसवून देतो’ म्हणेल. चालेल बेस, पण आरसीवरचा इंजिन नंबर जुळणार नाही.

आतलं काम, हीटर, पंप, वायरिंग धरून १ लाख २० हजार धरा. टायर वेगळे. मागचे १२.४-२८, पुढचे ६.००-१६, उभ्या उभ्या चिरले असतील.

पत्र्याचं म्हणाल तर घाई नाही. गाळ धुऊन, गंजावर तेलाचा हात मारून पत्रा कितीतरी वर्षं राहतो. लाल_बॉनेट म्हणतात तसं भोक बिक दोन पावसाळ्यांत पडत नसतं, शेडमध्ये असल्यावर. आणि सँडब्लास्ट करणार असाल तर इंजिन बसवायच्या आधी, नाहीतर वाळू आत जाते आणि तुम्ही परत माझ्याकडं येता.

लाल_बॉनेट
भोकाचं मागं घेतो. पण इतकं सगळं उघडल्यावर जुनाच पत्रा परत चढवायचा हे मला पटत नाही. आंघोळ करून मळकं धोतर नेसण्यासारखं आहे.

हिशोबी
म्हणजे चालू करायचेच दीड लाखाच्या वर. माझं पहिलं उत्तर कायम.

धाकटी_पाती
मी तो पुण्यातला भाऊ. लिंक चुलत बहिणीनं पाठवली. दादानं सगळं नीट मांडलंय, एक सोडून.

तो पोचा आबांचा नाही, माझा आहे. २००३, दिवाळीची सुट्टी, मी नववीत. अण्णा इस्लामपूरला बाजारला गेलेले, दादा क्रिकेटला. हीटर लाल होईपर्यंत थांबायचं एवढं बघून बघून येत होतं. चालू झाला, पुढंही गेला, क्लचपर्यंत पाय नीट पुरेना. आबा गोठ्यातनं पळत आले, मला खाली उतरवलं आणि स्वतः सीटवर बसले. अण्णा आले तेव्हा ते बसलेलेच होते. ‘अंधारात दिसलं नाही’ म्हणाले.

त्यानंतर अण्णांनी त्यांना कधी ट्रॅक्टरवर बसू दिलं नाही. गावभर झालं की आबांना आता दिसत नाही. दादा, तुला आठवत असेल, ते संध्याकाळी नुसते शेजारी खुर्ची टाकून बसायचे. मी कधीच कुणाला सांगितलं नाही. एस्टिमेटमध्ये मी सगळ्यात आधी बॉनेट का लिहिलं ते आता कळेल. मडगार्ड ठेव की, गाळाची रेघही ठेव. बॉनेट तेवढं सरळ करू दे.

आरटीओ_फेरी
यावर बाहेरच्या माणसानं काही बोलू नये.

तेलकट_हात
बॉनेट मागनं हलक्या हातानं ठोकून सरळ होतं, पुट्टी लागत नाही. रंगपण नको. जवळनं बघणाऱ्यालाच कळेल.

कृष्णाकाठ
आत्ता वाचलं. त्याला फोन केला, दोघंही धड बोललो नाही.

आबा शेजारी खुर्ची टाकून बसायचे हे आठवतंय. मला वाटायचं थकलेत.

सध्याचं असं: काल गिअरबॉक्सचा नट काढला. मेस्त्रींनी सांगितलं तसंच, तांब्याभर पाणी, मग चहा. नोझल काढून तेल ओतलंय, पुढच्या रविवारी पहार लावतो. आतलं काम पूर्ण करायचं, खर्च निम्मा-निम्मा. मडगार्डला हात लावायचा नाही हे त्यानं मान्य केलं. बॉनेट काढून पडवीत ठेवलंय. ते त्यानं स्वतः येऊन ठोकायचं, मेस्त्री शेजारी उभे राहतील. आबांनी झाकलं ते आपण उघडं का करायचं, असं आई म्हणते. तिला पोच्याचं पहिल्यापासून माहीत होतं.

हिशोबी
टायरचं कोटेशन दोन ठिकाणचं घ्या. मागच्या जोडीला पाच-सहा हजारांचा फरक सहज पडतो.