वाळूपेक्षा पाणीच जास्त तापले; सातवीच्या वर्गाला काय सांगावे?

प्रश्न : विज्ञान शिक्षिका, चंद्रपूर जिल्हा

नमस्कार. मी सातवीला विज्ञान आणि भूगोल हे दोन्ही विषय शिकवते. ‘जमीन लवकर तापते व लवकर थंड होते, पाणी उशिरा तापते व उशिरा थंड होते’ हे वाक्य मुलांना तोंडपाठ आहे. परंतु आमच्याकडच्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नसल्यामुळे खारे वारे (दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहणारे) आणि मतलई वारे (रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे) त्यांच्यासाठी केवळ परीक्षेपुरते उरतात. म्हणून प्लॅस्टिकच्या दोन सारख्या डब्यांत सारख्याच उंचीपर्यंत नदीची कोरडी वाळू आणि पाणी भरून ते सकाळच्या सत्रात मैदानावर उन्हात ठेवले आणि दोन्हींत तापमापी तळापर्यंत खोचला. तासाभराने पाण्याचे तापमान दोनेक अंशांनी वाढले होते, वाळूतील तापमापी मात्र जवळपास होता तिथेच होता. एका मुलीने लगेच विचारले, “मॅडम, मग पुस्तकातले चूक आहे का?”

तिला ‘प्रयोग बिघडला’ एवढेच सांगून पुढे जाणे मला पटत नाही. या निरीक्षणाचा नेमका अर्थ काय लावावा? आणि एप्रिल-मे महिन्यांत मुलांच्या घरी उष्णतेच्या लाटेचे इशारे येतात, त्यांच्याशी हा धडा कसा जोडता येईल?

उत्तर : भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, सांगली

मॅडम, प्रयोग मुळीच बिघडलेला नाही. तापमापीने तळाची वाळू मोजली आणि ती खरोखरच तापलेली नव्हती. कोरड्या वाळूच्या कणांमध्ये हवा असते, त्यामुळे तिच्यातून उष्णतेचे वहन फार सावकाश होते आणि उन्हाची सगळी उष्णता वरच्या पातळ थरातच अडकते. पुढच्या वेळी वाळूत तीन तापमापी ठेवा: एकाचा फुगा जेमतेम वाळूने झाकलेला, दुसऱ्याचा बोटभर खोल आणि तिसऱ्याचा तळाशी. पाण्यातही तशीच तीन ठिकाणची नोंद घ्या. वाळूच्या तीन नोंदींत मोठी तफावत आढळेल, पाण्याच्या नोंदींत ती त्या मानाने बरीच कमी असेल, आणि या दोन तक्त्यांची तुलना हाच तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देण्याचा मार्ग आहे.

आपण शिक्षक बहुधा सगळे श्रेय पाण्याच्या विशिष्ट उष्माधारकतेला, म्हणजे एक ग्रॅम पदार्थ एक अंशाने तापवायला लागणाऱ्या उष्णतेला, देऊन मोकळे होतो. पण कारणे आणखीही आहेत. समुद्रात प्रकाश काही मीटर आत शिरतो, वारा आणि लाटा वरचे पाणी खाली मिसळत राहतात, शिवाय बाष्पीभवनात बरीच उष्णता खर्च होते. म्हणून तेवढेच ऊन पाण्याच्या जाड थरात वाटले जाते, तर जमिनीवर ते वरच्या काही सेंटिमीटरांत साठते. खुल्या समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान वारा असताना दिवस-रात्रीत एखाद्या अंशाहून अधिक क्वचितच बदलते, ते या सगळ्यामुळे.

विशिष्ट उष्माधारकता वेगळी काढून दाखवायची असेल, तर समान वस्तुमान घ्यावे लागते, समान उंची नव्हे. २०० ग्रॅम कोरडी वाळू आणि २०० ग्रॅम पाणी झाकणाच्या वेगवेगळ्या डब्यांत भरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा आणि प्रत्येक पदार्थ ३० अंशांच्या २०० ग्रॅम पाण्यात ओता. गरम पाण्याच्या मिश्रणाचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाईल, वाळूच्या मिश्रणाचे मात्र ३५ अंशांच्या आसपासच थांबेल. वाळूची विशिष्ट उष्माधारकता पाण्याच्या सुमारे एक पंचमांश असते, हे सूत्र न लिहिताही मुलांच्या लक्षात येते. भांडे थोडी उष्णता घेत असल्यामुळे आकडे किंचित कमी येतील, तेही मुलांना आधीच सांगून ठेवा.

उत्तर : भूगोल शिक्षक, रत्नागिरी

वरील स्पष्टीकरण उत्तम आहे. मात्र ६० अंशांचे पाणी आणि वाळू शिक्षकांनी स्वतः ओतावी आणि मुलांनी फक्त नोंदी घ्याव्यात, असे मी आग्रहाने सांगेन.

उष्णतेच्या लाटेबद्दल लिहितो, कारण तुमच्या आणि आमच्या जिल्ह्यांची तुलना हा त्यासाठीचा सर्वांत चांगला धडा आहे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, तर आमच्याकडे तो साधारणपणे ३३-३४ अंशांच्या आसपास राहतो, कारण दुपारी समुद्रावरून खारे वारे येतात. तरीही कोकणातला उन्हाळा सुखाचा नसतो. भारतीय हवामान विभाग मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश झाल्याखेरीज उष्णतेच्या लाटेचा विचार करत नाही, किनारपट्टीसाठी मात्र हीच मर्यादा ३७ अंश आहे. आणि दोन्हीकडे तापमान सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी अधिक असावे लागते; मैदानी प्रदेशात पारा ४५ अंशांवर पोहोचला, तर मात्र ही अट लागत नाही. ‘किनाऱ्यासाठी मर्यादा कमी का?’ हा प्रश्न वर्गात ठेवा आणि उत्तर देण्याची घाई करू नका.

उत्तरासाठी दोन सारखे तापमापी सावलीत टांगा आणि एकाच्या फुग्याला ओल्या सुती कापडाची वात गुंडाळून तिचे दुसरे टोक पाण्यात बुडवून ठेवा. तुमच्याकडे ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना ओला तापमापी सुमारे २३ अंशांपर्यंत उतरेल. आमच्याकडे ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असताना तो २८ अंशांच्या आसपासच अडकेल. घाम वाळून अंग थंड होण्याची सोय किती आहे, ते हा ओला तापमापी सांगतो: तो जितका खाली उतरेल, तितकी सोय जास्त. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर विदर्भात घर गार करतो आणि कोकणात केवळ दमटपणा वाढवतो, हे मुलांना माहीत असते. त्यामागचे कारण त्यांच्या हाताने नोंदलेल्या आकड्यांतून कळले, तर त्यांना बाष्पीभवन पुन्हा पाठ करावे लागणार नाही.

मात्र त्यांना हेही सांगायला हवे की, चंद्रपूरच्या कोरड्या हवेत घाम इतक्या झटपट वाळतो की तो येतो आहे हे जाणवतही नाही आणि शरीरातले पाणी नकळत कमी होत जाते. कोरडे ऊन म्हणजे निर्धोक ऊन, असा समज या प्रयोगातून होता कामा नये.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. तीन खोलींची नोंद येत्या आठवड्यातच घेऊ. एक शंका उरते. मुलांना रोजचे कमाल तापमान नोंदवायचे आहे आणि ती तापमापी वर्गाच्या पत्र्याच्या छपराखाली भिंतीला लावू इच्छितात. ते चालेल का?

उत्तर : भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, सांगली

तिथे लावू नका. तापलेला पत्रा आणि भिंत यांच्या प्रारणामुळे, म्हणजे त्यांच्यातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या उष्णतेमुळे, हवेच्या तापमानाऐवजी त्यांचेच तापमान अधिक मोजले जाईल. हवामान केंद्रात तापमापी झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर ठेवलेले असतात. शाळेसाठी लाकडी पेटीला सर्व बाजूंनी भोके पाडून, पांढरा रंग देऊन आणि वर दुहेरी छप्पर बसवून ती मोकळ्या मातीच्या जागी खांबावर ठेवली, तरी पुरेसे आहे. तापमापी रंगीत अल्कोहोलचा घ्या. पाऱ्याचा फुटला तर मुलांना अपाय होतो. ताप मोजण्याचा तापमापी ३५ ते ४२ अंशांपुरताच असतो, त्यामुळे तो या कामाचा नाही.