हायलाइन ट्रेल : लोगन पासहून निघताना तुम्ही काय ठरवलं होतं?

अमेरिकेत मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधली हायलाइन केलेल्या सगळ्यांनी इथे लिहावं ही विनंती. फोटो भरपूर पाहून झालेत. किती वाजता निघालात, गाडी कुठे ठेवलीत, परत फिरलात तर कुठून, हे हवं आहे. येत्या उन्हाळ्यात माझी बहीण जाणार आहे, तिच्यासारखे आणखीही असतील. सुरुवात मी करते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही सकाळी नऊला लोगन पासला, म्हणजे वाट जिथून सुरू होते त्या घाटमाथ्यावरच्या खिंडीत पोचलो. पार्किंग केव्हाच भरलेलं. पाऊण तास घिरट्या घातल्या आणि तसेच खाली उतरलो. त्या रात्री नकाशा नीट उघडून बसलो तेव्हा लक्षात आलं, की पूर्ण वाट लोगन पासला परत येतच नाही. ती उतरते ‘द लूप’ नावाच्या खालच्या वळणावर. वर जागा मिळाली असती तरी संध्याकाळी गाडी आणायला पुन्हा घाट चढावाच लागला असता. दुसऱ्या दिवशी उजाडताना गाडी लूपला लावली, पार्कच्या बसने वर गेलो आणि ११.८ मैल (१९ किमी) चालत थेट गाडीपाशी उतरलो. लोगन पास ६,६४६ फुटांवर आहे आणि लूप त्याच्या बराच खाली, त्यामुळे या दिशेने चढ कमी लागतो. बसचे आणि पार्किंगचे नियम मात्र हल्ली वरचेवर बदलतात. विमानाची तिकिटं काढायच्या आधी पार्कचं संकेतस्थळ पाहाच.

*

मला उंचीवर गरगरतं, म्हणून फक्त सुरुवातीच्या कड्याच्या टप्प्याबद्दल लिहिते. व्हिजिटर सेंटरसमोरचा रस्ता ओलांडून वाट सुरू झाली की थोड्याच वेळात तो टप्पा येतो. उजवीकडे उभा कातळ, डावीकडे दरी, आणि खाली घाटातून जाणाऱ्या गाड्यांची टपं. कातळात तार ठोकलेली आहे. तिच्यावर बागेला पाणी घालायच्या पाइपसारखी नळी चढवलेली. सकाळी ती थंडगार आणि ओलसर होती. मी उजव्या हाताने ती धरली आणि नजर नवऱ्याच्या सॅकच्या लाल पट्ट्यावर ठेवली. समोरून माणसं आली की मी तार सोडायची नाही, ती बाहेरच्या बाजूने जायची. कोणीही कुरकुर केली नाही. वाट काही फूट रुंद आहे, पण तिथे उभं असताना ते खरं वाटत नाही.

सगळ्यात उपयोगी पडलं ते आदल्या संध्याकाळी नुसतं तेवढंच बघून येणं. गर्दी ओसरली होती. तार धरली, चार पावलं टाकली, परत आले. रात्री झोप लागली. कड्याची भीती असेल त्यांनी हे जरूर करा.

*

आईबाबांना घेऊन गेलो होतो, बाबा सत्तरीचे. हेस्टॅक बट या वाटेवरच्या डोंगरापर्यंत साधारण साडेतीन मैल, तिथून परत. शेवटचा चढ सोडला तर वाट बरीचशी सपाट आहे. वर खिंडीत बाबा दगडावर टेकले आणि डोंगरी मेंढ्यांचा कळप समोरून निघून जाईपर्यंत हलले नाहीत. पूर्ण वाट झाली नाही याची कोणालाच रुखरुख नव्हती.

*

आम्ही जुलैच्या पहिल्या आठवड्यात गेलो. घाटरस्ता उघडला म्हणजे वाटही उघडली असेल, असं धरून चाललो होतो. वाटेवर आडवे पसरलेले बर्फाचे तीव्र उतार मोकळे होईपर्यंत हायलाइन बंद ठेवतात, हे तिथे जाऊन कळलं. मग त्याच पार्किंगमधून निघणारा हिडन लेक ओव्हरलुक केला, तोही बर्फातूनच. खूप वाईट वाटलं. आता जाणार असाल तर जुलैचा शेवट किंवा ऑगस्ट धरा. ऑगस्टमध्ये वणव्याचा धूर असू शकतो, म्हणून हाताशी एक जादा दिवस ठेवा.

*

दोन-तीन गोष्टी. अंगावर येणाऱ्या अस्वलावर मारायचा फवारा विमानातून नेता येत नाही, चेक-इन सामानातही नाही. तिथे पोचल्यावर विकत किंवा भाड्याने घ्या आणि कमरेला लावा. सॅकच्या तळाशी गेला तर तो नसल्यातच जमा. अस्वलापासून १०० यार्ड लांब राहायचं, हा पार्कचा नियम आहे.

ग्रॅनाइट पार्क शॅले हे डोंगरातलं जुनं विश्रामगृह लोगन पासपासून ७.६ मैलांवर. त्याच्या थोडं अलीकडे उजवीकडे गार्डन वॉल नावाच्या डोंगरधारेवर चढणारा फाटा लागतो. जेमतेम अर्धा-पाऊण मैल, पण छातीवरचा चढ. वर पोचलं की पलीकडे खाली ग्रिनेल हिमनदी आणि तिचं तळं. दम शिल्लक असेल तर सोडू नका.

मात्र तो दम मोजताना शॅलेनंतरचे चार मैल विसरू नका. दोन हजार फुटांहून जास्त उतार आहे आणि २००३ च्या वणव्यात तिथलं जंगल जळलं, त्यामुळे दुपारी सावली अशी नाहीच. माझ्या लेकाचे गुडघे तिथे बोलायला लागले. मी माझे दोन्ही पोल त्याला दिले. माणशी तीन लिटर पाणी नेलं होतं, ते लूपच्या मैलभर आधी संपलं. गाडीत एक बाटली मुद्दाम ठेवली होती. ती उन्हाने गरम झाली होती, तरी दोघांनी उभ्याउभ्याच संपवली.