रॉल्सचा न्याय: निष्पक्ष, न्याय्य की रास्त?

प्रश्न:
तत्त्वज्ञानाच्या वर्गासाठी अमेरिकन विचारवंत जॉन रॉल्सवर मराठीत टिपण लिहिते आहे आणि पहिल्याच पानावर अडले. त्याने १९७१च्या ग्रंथात मांडलेल्या 'जस्टिस ॲज फेअरनेस' या कल्पनेला काय म्हणावं? 'न्याय म्हणजे निष्पक्षता' असं वाचलंय, पण निष्पक्ष असतो तो पंच. रॉल्स बोलतो ते खेळाचे नियम कसे ठरावेत याबद्दल. आपण कुठल्या घरात जन्मणार, गरीब की श्रीमंत, धडधाकट की अधू, हे कुणालाच ठाऊक नाही. अशा अज्ञानाच्या पडद्याआड बसून सगळ्यांना पटतील ते नियम. 'न्याय्यता' घेतलं तर न्याय म्हणजे न्याय्यता. त्यातून मुलांना काय कळणार?

उत्तर:
'रास्तपणा' घ्या. लहानपणी आईबरोबर रॉकेलच्या रांगेत उभा असायचो, तेव्हा डोक्यावर पत्र्याची पाटी असायची: 'सरकारमान्य रास्त भाव दुकान'. शब्द मला तिथेच कळला. समोर कोण उभं आहे हे न पाहता लागणारा भाव तो रास्त. मूळ फारसी, अर्थ सरळ, खरं. रास्त मागणी, रास्त अपेक्षा, रास्त तक्रार. ऐकणाऱ्याला आपली बाजू सोडून 'हो, बरोबर आहे' म्हणावं लागतं, तिथे आपण हा शब्द वापरतो. रॉल्सच्या पडद्याआडचा माणूस नेमका तेच करतो. 'वाजवी' जवळचा आहे, पण घटनेतल्या 'वाजवी निर्बंधां'मुळे कायद्याच्या मराठीत तो दुसऱ्या कल्पनेकडे गेलाय. त्याला हात लावू नका.

पुढे अमर्त्य सेन येणार असतील तर एक सावधगिरी. त्यांनी २००९च्या पुस्तकात 'नीती' आणि 'न्याय' ही संस्कृत जोडी वापरली आहे. नीती म्हणजे नियम आणि संस्था जागच्या जागी असणं; न्याय म्हणजे त्यातून माणसांच्या वाट्याला प्रत्यक्ष येतं ते. मराठी कानाला मात्र नीती म्हणजे चारित्र्य. खुलाशाचं एक वाक्य घालाच, नाहीतर मुलं नीतिपाठ समजतील.

हा फरक समजवायला मी नेहमी मुंबईच्या फुटपाथवासीयांचा खटला सांगतो, ओल्गा टेलिस, १९८५. महापालिकेच्या १८८८च्या कायद्यातलं कलम ३१४ नोटीस न देता अतिक्रमण हटवण्याची मुभा आयुक्तांना देत होतं. घटनेचं कलम २१ 'जीविता'ला संरक्षण देतं. उपजीविका हिरावली तर जीवित कसलं, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. (मराठीत तर 'उपजीविके'च्या पोटातच जीव आहे.) नोटिशीबद्दल न्यायालय म्हणालं की कलम वैध आहे, पण नोटीस टाळणं हा अपवाद, एरवी ऐकून घ्यायलाच हवं. निकालावर फरक पडो न पडो, ज्याला हटवायचं त्याचं म्हणणं ऐकण्याला स्वतःचं मोल आहे. 'नैसर्गिक न्याय' म्हणतात तो हाच. आणि तरीही शेवटी, त्यांचं म्हणणं आता आमच्यापुढे झालंच आहे असं म्हणून, हटवायला परवानगी दिली. पावसाळा संपून महिना होईपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५पर्यंत थांबा, एवढंच. माझ्या मते पद्धत रास्त ठरली, पण न्याय अर्ध्यावर राहिला. सेन यांच्या जोडीची गरज मला इथेच पटली.

प्रश्नकर्ती:
'रास्तपणा' पक्का, मनापासून आभार. पण ॲरिस्टॉटलची 'इक्विटी' कशी मांडू? कोशात 'समन्याय' आहे.

उत्तर:
समन्यायच लिहा, न्यायालयीन मराठीत रुळलेला आहे. फक्त 'सम' पाहून मुलं 'सर्वांना सारखं' असा अर्थ घेतात आणि गाडी उलट्या दिशेला जाते. ॲरिस्टॉटलने दिलेली उपमा सांगा. लेस्बॉस बेटावरचे गवंडी शिशाची पट्टी वापरत. दगड वाकडातिकडा असला की पट्टी त्याच्या अंगाने वाकायची. कायदा सर्वसाधारण भाषेत लिहावा लागतो, प्रत्येक दगड त्यात बसत नाही, तिथे समन्याय. आपल्या घटनेचं कलम १४२ सर्वोच्च न्यायालयाला 'संपूर्ण न्याय' करण्याचा अधिकार देतं, तोही याच जातीचा. भोपाळच्या वायुपीडितांसाठी ४७ कोटी डॉलरची तडजोड १९८९ साली याच अधिकारातून झाली. तेव्हा पट्टी पीडितांच्या बाजूने वाकली की कंपनीच्या, हे वर्गात जरूर विचारा. मला ती पीडितांच्या बाजूने वाकलेली दिसत नाही.

आणखी एक:
'निवाडा' राहिला. तो 'निवडणे'वरून. माझी आजी परातीत तांदूळ घेऊन बसायची, खडा बोटाने बाजूला सारायची, दाणा ठेवायची. त्याला निवडणंच म्हणतात. पेशवाईत वाद मिटला की निवाडपत्र लिहिलं जाई. जिंकणारा सरकारात 'हरकी' भरायचा, हरणारा 'गुन्हेगारी'. म्हणजे खऱ्याला खरं ठरण्याचेही पैसे मोजावे लागत. टिपणात 'निकाल', 'निवाडा' आणि 'न्याय' एकमेकांच्या जागी टाकू नका. निकाल तारखेला लागतो, निवाडा खरं-खोटं वेगळं करतो. फुटपाथवरच्या त्या माणसांना निकाल मिळाला होता, निवाडाही मिळाला होता.