तबकड्यांना बुरशी लागली, १,५०० रुपयांत काय होईल?

धानपट्टा: आजोबांच्या ग्रामोफोनच्या साठेक तबकड्या आहेत, काही एलपी (प्लॅस्टिकच्या, जास्त वेळ वाजणाऱ्या), काही ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, जुन्या). गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, मातीच्या भिंतींचं कौलारू घर. यंदा कव्हरांवर पांढरी बुरशी आली, काहींच्या खाचांतही उतरली. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर. बजेट १,५००, वर एक रुपया नाही. कशा ठेवू?

ऑरेंजसिटी: डीह्युमिडिफायर घ्या. मी १६ हजारांचा घेतला, तेव्हापासून एक डाग नाही.

मोर्शीवाला: खेड्यात लाइन टिकते का भाऊ? लोखंडी कपाट घ्या. आमचं लग्नातलं, अजून ठणठणीत हाये.

वऱ्हाडी_सूर: लोखंडी कपाटाले पावसाळ्यात घाम सुटते. डांबराच्या गोळ्या टाका, बाकी काही लागत नाही.

पळसफूल: गोळ्या कसरीसाठी, ओल त्या शोषत नाहीत. आधी ७८ च्या वेगळ्या काढा. त्यांत लाख असते, आपल्या पळसावर धरते तीच. स्पिरिट लावाल तर विरघळेल, सुतार पॉलिश तसंच बनवतो. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी, त्यात भांड्याच्या लिक्विडचा थेंब, मऊ कापड, खाचांच्या दिशेनं गोल पुसा. मग नुसत्या पाण्यानं पुसून सावलीत वाळवा. मधलं लेबल भिजू देऊ नका. काम अंगणात, तोंडाला रुमाल बांधून. आतली जुनी पाकिटं फेकाच, बुरशी कागदात मुरलेली असते. नवी पाकिटं नि सिलिका जेल घ्या. दाण्यांचा रंग बदलला की जुन्या कढईत मंद आचेवर तापवा, पण ती कढई परत स्वयंपाकाला नको. तबकड्या सरळ उभ्या ठेवा, तिरप्या राहिल्या की उन्हाळ्यात वाकतात. आणि कूलरच्या खोलीत अजिबात नको, तो हवेत पाणीच सोडतो.

ऑरेंजसिटी: कूलरशिवाय मे महिना काढायचा कसा? म्हणून म्हणतो, डीह्युमिडिफायर.

मोर्शीवाला: कूलरले ताट्या वाळ्याच्याच लावा, हनीकॉम्बले तो वास नाही.

वऱ्हाडी_सूर: हनीकॉम्ब जास्त टिकते.

पळसफूल: ताट्यांचा वेगळा धागा काढा. धानपट्टा, पेटीत कोंबू नका, कपाट असेल तर भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.

धानपट्टा: पाकिटं, जेल नि बॅटरीचं पाणी आणतो. कपाट मात्र नाही. आजोबांची सागवानी पेटी मधल्या खोलीत आहे, मे महिन्यात घरातली सगळ्यात थंड जागा तीच. खाली विटा लावून तिच्यातच उभ्या ठेवतो, उघाड पडली की झाकण उघडं टाकीन. ७८ च्या धुवायला काढल्या आहेत, लिक्विड कोणतंही चालेल ना?

वऱ्हाडी_सूर: स्पिरिट नसलेलं कोणतंही चालते. गोळ्या टाकजा पण.