रॉल्स, ग्राम्शी आणि नागपूरचं एमए : थिअरी खरंच वाया जाते का?

कॅम्पस_चौक
परवा एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "एमए राज्यशास्त्रात दोन वर्षं रॉल्स न् ग्राम्शी घोकून नागपूरच्या पोराला मिळतं काय? त्यापेक्षा एमपीएससीचा क्लास लावा. थिअरी हा दिल्लीवाल्यांचा शौक आहे." खाली 'शंभर टक्के खरं' म्हणणाऱ्यांची रांग. (रॉल्स हा न्यायावर लिहिणारा अमेरिकन विचारवंत, ग्राम्शी हा सत्तेवर लिहिणारा इटालियन.) तिथे उत्तर लिहायला बसले, ते लांबत गेलं, म्हणून इथे टाकते.

दीक्षाभूमीच्या गावात हे बोलवतं तरी कसं? १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते, विद्यार्थीच होते. जात वाईट आहे एवढंच म्हणून ते थांबले नाहीत. ती टिकते कशावर, हे त्यांनी शोधलं. उत्तर आलं, जातीतल्या जातीत लग्न. आणि तो नियम टिकावा म्हणून सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. थिअरी म्हणतात ती हीच.

आता माझ्या वर्गातलं. गेल्या सत्रात रॉल्सचा 'अज्ञानाचा पडदा' शिकवत होते. समाजाचे नियम ठरवायचे, पण आपण कोणाच्या पोटी, कुठे जन्मणार हे ठरवणाऱ्याला माहीत नाही. मागच्या बाकावरून गडचिरोलीकडची एक मुलगी उठली. "मॅडम, पडद्यामागं बसणाऱ्याले आपण बाई असू का माणूस हेही ठाऊक नसंल ना? मंग घरातल्या कामाचा नियम काऊन नाही ठरवत तो?" सुझन ओकिन या अभ्यासिकेने १९८९ साली रॉल्सवर जवळपास हाच आक्षेप घेतला, की त्याचा न्याय उंबऱ्याच्या आत येतच नाही. मुलीने ओकिनचं नावही ऐकलेलं नव्हतं. आणि आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदेंनी १८८२ सालीच 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुरुषांना जाब विचारला होता. मग हा दिल्लीचा शौक कसा?

तर्री_पोहा
मॅडम, तुमची नोकरी पर्मनंट दिसते. मी एमए केलं, प्राध्यापकीची नेट परीक्षा काढली, अन् आता तासिकेवर शिकवून राहिलो. तास घेतला तर पैसा, सुट्टी लागली की पैसा बंद. उन्हाळ्यात शून्य. हिवाळ्यातल्या तासांचं बिल पुढच्या पावसाळ्यात निघते, तेही दहा चकरा मारल्यावर. घरी बाप विचारते, इतकं शिकून काय केलं? त्याले ग्राम्शीचा वर्चस्वाचा सिद्धांत समजावून सांगू का? तो ग्रुपवाला तोंडाचा कडू असंल, पण खोटं बोलला नाही.

कॅम्पस_चौक
मी पर्मनंट नाही. मीही तासिकेवरच आहे. बिलाचं तुम्ही लिहिलंत ते अक्षरन् अक्षर खरं. पण पगार मिळत नाही म्हणून विषय निकामी ठरतो का? जागा भरत नाहीत हा सरकारचा दोष, त्याची शिक्षा रॉल्सला कशाला?

महाल_वाडा
दोघेही भावनेच्या भरात लिहिताय. यूपीएससीच्या राज्यशास्त्र वैकल्पिकचा पहिला पेपर उघडून बघा. रॉल्स आहे, ग्राम्शी आहे, हाना आरेन्ट आहे. क्लासवालेही हेच शिकवतात, फक्त तीन महिन्यांत. 'एमए की क्लास' हा वादच खोटा आहे. खरा प्रश्न शिकवण्याच्या दर्जाचा. आमच्या वेळी निम्मा वर्ग बर्डीच्या बाजारातून आणलेल्या गाईडवर पास झाला. मूळ पुस्तक कोणी हातात धरलं नाही, शिकवणाऱ्यांनीसुद्धा.

सेट_वाला
मूळ पुस्तक धरायचं तर ते मराठीत पाहिजे ना! राज्याच्या सेट परीक्षेचा पेपर मराठीत मिळतो, देशपातळीवरच्या नेटचा मात्र इंग्रजी नाहीतर हिंदीत. खेड्यातून आलेला पोरगा दोन वर्षं मराठीत उत्तरं लिहितो आणि नेटच्या हॉलमध्ये परका होतो. गाईड तो हौसेनं घेत नाही, वाचता येईल असं दुसरं काही नसतं म्हणून घेतो. नागपूरच्या जुन्या महाल भागात बसून दर्जाच्या गोष्टी करणं सोपं आहे.

महाल_वाडा
माझ्या आयडीवरून माझी जात-पात काढू नका. मीही मराठी माध्यमाचाच. रात्र रात्र शब्दकोश घेऊन बसलो आणि इंग्रजी वाचायला शिकलो. जमतं.

सेट_वाला
जात कोणी काढली? तुम्हीच काढली. आणि 'मला जमलं म्हणजे सगळ्यांना जमतं' हे वाक्य एमएच्या पहिल्या सत्रातच खोडून काढायला शिकवतात.

वैनगंगा_काठ
थिअरी-बिअरी राहू द्या राजेहो. इकडे विदर्भाचा अनुशेष, म्हणजे विकासातली तूट, भरायचा राहिला, त्यावर लक्ष ठेवणाऱ्या वैधानिक विकास मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, आणि तुम्ही रॉल्स घेऊन बसले. विदर्भाने महाराष्ट्रात यावं म्हणून झालेल्या १९५३ च्या नागपूर कराराने दिलेल्या शब्दांचं काय झालं? वर्षाला एक अधिवेशन, तेही मोर्च्यांसाठी. ते बोला.

कॅम्पस_चौक
बोलते. तुम्ही थिअरी सोडा म्हणालात आणि थिअरीच्याच प्रश्नावर बोट ठेवलंत.

अनुशेष म्हणजे किती, हे ठरवलं कोणी? १९८४ च्या दांडेकर समितीने. मोजपट्टी कोणती? राज्याची सरासरी. जिल्हा सरासरीच्या जितका खाली, तितका त्याचा अनुशेष. पण सरासरीपर्यंत आणणं म्हणजेच न्याय, हे कुठल्या आकड्यातून निघतं? कुठल्याच नाही, ती न्यायाची एक कल्पना आहे. रॉल्सला विचाराल तर तो सरासरी बाजूला ठेवून सगळ्यात तळच्या माणसाची स्थिती सुधारली का ते बघेल. अमर्त्य सेन विचारतील, रस्ता झाला, दवाखान्याची इमारत झाली, पण गडचिरोलीतल्या भामरागडच्या बाळंतिणीला डॉक्टर मिळतो का? आणि जिल्हा हाच घटक धरला की नागपूर शहराच्या आकड्याखाली त्याच जिल्ह्यातलं भिवापूर झाकून जातं. तीस-चाळीस वर्षं आपण कोटींवर भांडलो. मोजपट्टीवर भांडायला शिकवतो तो हाच पेपर, ज्याला तुम्ही शौक म्हणता.

वैनगंगा_काठ
शौक मी नाही म्हटलं, तो ग्रुपवाला म्हणाला. पण मोजपट्टी बदलली तरी पैसा मुंबईतूनच येणार ना? वेगळं राज्य हाच इलाज. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. ती डावलली, राजधानी गेली, तिथपासून सगळं बिघडलं.

महाल_वाडा
पुन्हा तेच! मराठी माणसाचं एक राज्य व्हावं म्हणून लोकांनी गोळ्या झेलल्या. माझे आजोबा त्या चळवळीत तुरुंगात गेले. आज तुम्ही बसल्या बसल्या महाराष्ट्र तोडायच्या गोष्टी करता. लाज वाटली पाहिजे.

वैनगंगा_काठ
लाज? माझ्या काकांनी कर्जापायी औषध घेतलं तेव्हा तुमचं एक राज्य कुठं होतं? तुमच्या आजोबांना माझा नमस्कार. पण त्यांच्या तुरुंगवासावर आमची शेती ओलीत होत नाही. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ चं आहे, तारीख बघा एकदा.

सेट_वाला
दोघंही थांबा. १९५५ मध्येच बाबासाहेबांनी भाषावार राज्यांवर पुस्तिका लिहिली. एका राज्याची एक भाषा असावी, पण एका भाषेचं एकच राज्य असलं पाहिजे असं नाही, ही त्यांची मांडणी. मराठी भाषकांची चार राज्यं त्यांनी सुचवली, त्यात पूर्वेकडचं म्हणजे आपलं. कारण काय दिलं? लहान समाजांना मोठ्या राज्यातल्या बहुसंख्य जातीपासून संरक्षण कसं मिळणार. म्हणजे वेगळं राज्य झालं तरी त्याच्या आत सत्ता कोणाच्या हातात जाईल हा प्रश्न उरतोच. वैनगंगा_काठ, याचं उत्तर तुमच्याकडे आहे का? आणि महाल_वाडा, ही मांडणी करणाऱ्याला लाज काढून गप्प करता येईल का?

महाल_वाडा
बाबासाहेबांची लाज काढायची माझी प्राज्ञा नाही. चार राज्यांचं मान्य नाही, पण बहुसंख्य जातीचा मुद्दा खोडता येत नाही, एवढं कबूल. तेवढंच.

वैनगंगा_काठ
माझ्याकडे उत्तर नाही. राज्य आधी मिळू द्या, मग बघू, असंच आम्ही म्हणत आलो. ते पुरत नाही हे दिसतंय, पण मागणी सोडणार नाही.

तर्री_पोहा
एवढा वेळ वाचून राहिलो होतो. थिअरी कामाची आहे, जा, मानलं. अनुशेषाचं मॅडमनी लिहिलं ते उद्या वर्गात सांगतो, पोरं जागी होतील. पण जो सांगते त्याचं बिल निघालं पाहिजे का नाही? की न्यायाचा पेपर शिकवणाऱ्याने न्याय मागायचा नाही? अन् ती १९५५ ची पुस्तिका कुठं भेटते, कोणी सांगा.

सेट_वाला
राज्य सरकारने काढलेल्या लेखन आणि भाषणांच्या इंग्रजी मालिकेत, पहिल्याच खंडात. तो १९७९ साली निघाला, संपादन आपल्या नागपूरच्या वसंत मून यांचं. जातींवरचा १९१६ चा निबंधही त्यातच आहे.

कॅम्पस_चौक
तर्री_पोहा, बिलाचं निवेदन आम्ही काही जण मिळून तयार करतोय. तुमच्याकडच्या तासिकावाल्यांची नावं आणि थकलेले महिने मला निरोपात पाठवा. सोमवारी द्यायचं आहे.