भांड्यांच्या कामाने बोटांना पडलेल्या चिरा: कोकमतेल लावावं का?

प्रश्न
आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशींच्या दोन्ही हातांना थंडी सुरू झाल्यापासून चिरा पडल्यात. अंगठ्याचं टोक, नखांच्या कडा, पेरं, सगळीकडे. चार घरची भांडी, त्यामुळे हात कोरडे राहणं अशक्य. मेडिकलवाल्याने १० टक्के युरियाचं क्रीम दिलं, ते लावलं की आग होते. घरात कोकमतेलाचा गोळा आहे. तो चालेल का? कसा लावायचा?

प्रतिसाद १
चालेल, पण गोळा तसाच चिरेवर घासू नका. कोकमतेल ३८ ते ४० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे गार बोटांवर ते पसरत नाही, नुसतं खरखरतं. १ भाग कोकमतेल आणि २ भाग खोबरेल वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्यात ठेवा, विरघळलं की ढवळून डबीत भरा. पूर्ण निवल्यावरच वापरा. कढत तेल चिरेत सोडायची जुनी पद्धत आहे, ती कृपया नको. आतली ओली कातडी भाजते.

रात्री हात कोमट पाण्याने धुऊन टिपा, जरा दमट असतानाच लावा. तेल स्वतः ओलावा देत नाही, आतला अडवून धरतं. सुकून कडक झालेल्या हातावर लावलं तर अडवायला काही उरतच नाही. वरून जुने सुती मोजे घाला. कोकमतेल नसेल तर पेट्रोलियम जेली त्याहून सरसच आहे.

युरिया वाईट नाही, वेळ चुकली. उघड्या चिरेवर तो झोंबणारच. आधी चिरा मिटू द्या, मग निबर कातडी मऊ करायला वापरा.

प्रतिसाद २
मलमापेक्षा साबण महत्त्वाचा. कातडीचा पीएच (आम्लपणा मोजायचा आकडा, ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) ५ च्या आसपास असतो, साध्या साबणाचा ९-१०. दिवसातून चारदा कातडीचा हा आम्लपणा धुतला गेला तर रात्रीचं मलम किती पुरणार? बट्टी हातात धरण्याऐवजी साबण वाटीत कालवून घासणीने घ्या. अंगठी काढून ठेवा, तिच्याखाली साबण अडकतो आणि तिथेच कातडी सोलते.

रबरी हातमोजे घालाच, पण आत पातळ सुती मोजे हवेत. नुसत्या रबरात घाम साचतो आणि कातडी आणखी हुळहुळी होते. मोजा फाटून आत पाणी गेलं तर लगेच बदला. फाटका मोजा साबणपाणी कातडीला धरून ठेवतो, त्यापेक्षा उघडा हात बरा.

प्रत्येक घरून निघताना दोन्ही हातांना मिळून साधारण १ ग्रॅम मलम लागतं, म्हणजे तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेल्या दोन रेघा. लोक वाटाण्याएवढं लावतात आणि म्हणतात गुण येत नाही. खोल चिरेवर दिवसा जेली लावून कागदी पट्टी गुंडाळा. लिंबू, हळद काही नको.

प्रतिसाद ३
चिरा नेमक्या कुठे आहेत ते बघा. फक्त डाव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं असतील तर लसणाचा संशय घ्या. सोलताना-चिरताना पाकळी त्याच बोटांत धरली जाते. लसणातला त्रासदायक घटक हातमोज्यांतूनही आत जातो, तेव्हा लसूण दुसऱ्या कुणीतरी सोलावा. एकाच तळहाताला पांढरी भुकटी सुटत असेल आणि पायांनाही तसंच असेल तर बहुतेक बुरशी आहे. अशा वेळी दुकानातून स्टिरॉइडचं मिश्र मलम आणू नका: खाज थांबते, बुरशी पसरत राहते. पू, ठणका किंवा बोट सुजलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.